घरदुरुस्ती प्रश्नोत्तरे: छताला ओल नेमकी कशाने?

पावसाळा सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गच्ची आणि छत यांशिवाय दुसरा विषय नसतो. यंदाच्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली. बहुतेकांनी आधी गच्चीला केमिकलचे दोन हात मारले आहेत आणि मग कारण विचारलं आहे. डाग छतावर कुठे पडला यावरून पाणी कुठून शिरलं हे क्वचितच कळतं. ओल कधी येते, पावसानंतर किती वेळाने येते आणि कधी वाळते, यावरून मात्र बरंच कळतं. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत आम्ही आधी घड्याळ आणि कॅलेंडर बघायला सांगितलं आहे. ब्रशचं काम त्यानंतर.

प्रश्न (नाशिक): आमचा बंगला चौदा वर्षांचा आहे. गच्चीवर विटांचा कोबा (सिमेंटच्या मालात बसवलेल्या विटांच्या तुकड्यांचा थर) आणि त्यावर चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांची फरशी). वरच्या बेडरूममध्ये पावसाळ्यात पंख्याच्या कपातून पाणी ठिबकतं. पंख्याच्या बरोबर वर गच्चीवर एकही भेग नाही. तरी तेवढा भाग दोनदा वॉटरप्रूफ कोट मारून घेतला, फरक शून्य. आता गवंडी म्हणतो की जुन्या कोब्यावरच नवा कोबा टाकू. टाकावा का?

उत्तर: आधी विजेचं बघा. त्या खोलीचा एमसीबी (वीजबोर्डावरचा सुरक्षा-स्विच) पाडून ठेवा आणि वायरमनकडून पंखा उतरवून घ्या. घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल आणि पावसात तो सारखा पडत असेल, तर तो बिघडलेला नाही, नेमून दिलेलं काम करतो आहे. तो बायपास करून देणाऱ्या वायरमनला पुन्हा बोलावू नका.

पंख्यातून येणारं पाणी बहुधा पंख्याच्या वरून आलेलं नसतंच. स्लॅब ओतण्याआधी विजेचे पीव्हीसी पाइप सळयांवर अंथरलेले असतात आणि फॅनबॉक्स हे त्या जाळ्याचं खाली उघडणारं तोंड. दहा-पंधरा फुटांवर एखाद्या सांध्यात पाणी शिरलं तरी पाइपातून सरकत ते याच तोंडातून खाली येतं. त्यात कोब्याची भर पडते. चार-साडेचार इंची विटांचा कोबा म्हणजे स्पंजच. वरच्या थराला केसाएवढा तडा गेला तरी विटा पाणी पितात. ढाळ कोब्याला दिलेला असतो, खालचा स्लॅब सपाटच असतो, त्यामुळे आत शिरलेलं पाणी स्लॅबच्या माथ्यावर पसरतं आणि जिथे कच्ची जागा मिळेल तिथून उतरतं. गच्चीवरचा तडा आणि खोलीतला थेंब यांच्यात अख्खी एक खोली असू शकते. तुम्ही दोनदा रंगवलेला तुकडा कदाचित सगळ्या गच्चीत धडधाकट असेल.

आता वेळ पाहा. जोराची सर आल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ठिबकायला लागतं आणि पाऊस थांबल्यावर तास-दोन तासांत थांबतं, असं असेल तर पाण्याला सरळ रस्ता मिळालेला आहे. असे रस्ते थोडेच असतात आणि ते डोळ्यांनी दिसतात. गच्चीवरच्या दिव्यासाठी किंवा डिशच्या वायरीसाठी उभा सोडलेला पाइप, ज्याचं तोंड आकाशाकडे उघडं आहे. पावसाच्या पाइपाच्या तोंडाभोवतीची फट. सोलर हीटरचे पाइप खाली नेताना पाडलेलं भोक. आणि बंगल्यांत हमखास आढळणारी जागा म्हणजे पुढच्या मजल्यासाठी वर सोडून दिलेल्या कॉलमच्या सळया. त्या गंजतात, गंजलेल्या थराभोवती फट पडते आणि पाणी सळईच्या कडेने थेट कॉलम-बीमच्या सांध्यात उतरतं. एकेका संशयित जागेवर पावसाआधी प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा आणि पुढची सर येऊ द्या. ज्या दिवशी ठिबकणं थांबेल, त्या दिवशी चोर सापडला. उभ्या पाइपाच्या तोंडावर खाली वळणारा बेंड बसवला की ते काम तिथेच संपतं.

याउलट पावसाचे पहिले आठ-दहा दिवस काहीच होत नाही, मग एकदा सुरू झालं की उघडीप पडल्यावरही आठवडा-दोन आठवडे ठिबकत राहतं, असं असेल तर कोबा पाण्याने भरलेला आहे. अशा वेळी पाणी साठवून चाचणी करावी लागते, पण अख्ख्या गच्चीवर एकदम नको. सगळी गच्ची भरली तर ती गळते एवढंच कळेल, आणि ते तुम्हाला आधीच ठाऊक आहे.

पाऊस थांबून कोबा तीन-चार आठवडे वाळू द्या. मग गच्चीचे साधारण १० फूट बाय १० फुटांचे भाग पाडा. मध्ये १:६ च्या (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) अशक्त मालाचा चार इंची बांध घाला, तो नंतर हातोडीने सहज निघतो. पावसाच्या पाइपाच्या तोंडात कापड भरलेली प्लास्टिकची पिशवी घट्ट ठोसा. सुरुवात ढाळाच्या खालच्या टोकाकडून करा. वरून सुरू केलं आणि बांध पाझरला, तर खालचे भागही भिजतात आणि मग कोणत्या भागाचं पाणी गळतंय ते सांगता येत नाही. ढाळ १०० ला १ असेल तर १० फुटांत सव्वा इंचाचा फरक पडतो. म्हणजे उंच टोकाला इंचभर पाणी ठेवलं की खालच्या टोकाला सव्वादोन इंच होतं. एवढं पुरे. एका भागाला साडेतीनशे-चारशे लिटर पाणी लागेल.

पाणी उन्हानेही उडतं, ते वेगळं काढायला त्याच पाण्यात एक पसरट पातेलं ठेवा, त्यातही बाहेरच्या पातळीइतकंच पाणी भरा आणि दोन्हीकडे पेन्सिलीने खूण करा. दोन्ही सारखं उतरलं तर ते उन्हाने उडालं. बाहेरचं जास्त उतरलं, तर तेवढं बांधाखालून तरी गेलं किंवा गच्चीत तरी जिरलं. बांधाची बाहेरची बाजू कोरडी आहे ना, ते बघून घ्या. ४८ तास पाणी ठेवा आणि दर सहा तासांनी खालून छत पाहा. ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख-वेळ लिहिलीत, तर डाग वाढतोय की वाटतंय याचा वाद राहत नाही. काही दिसलं नाही तर पाणी सोडून द्या, दोन-तीन दिवस थांबा, मग पुढचा भाग भरा. मध्ये थांबलं नाही तर पहिल्या भागातून उशिरा उतरलेलं पाणी दुसऱ्याच्या नावावर लागतं. कोब्यावरच्या पाण्यात रंग मिसळून पाहायचा सल्ला बरेच जण देतात. विटा आणि सिमेंट खाण्याचा रंग धरून ठेवतात, त्यामुळे खाली निर्मळ पाणी येतं आणि निष्कर्ष चुकतो. रंग पाइप तपासायला ठीक आहे, कोबा तपासायला नाही.

दोषी भाग कळला की तिथे एक फूट बाय एक फुटाचा चौकोन स्लॅबपर्यंत उकरून पाहा. विटांचे तुकडे आत काळपट ओले असतील तर तेवढा कोबा काढावा लागेल. विटा कोरड्या आणि फक्त मोझॅकचे सांधे गेलेले असतील, तर सांधे ५-६ मिमी खोल खरवडून पॉलिमर मिसळलेल्या मालाने भरणं पुरतं. कोबा नव्याने करताना आधी स्लॅबवर सिमेंटच्या घट्ट पाण्याचा हात, मग १:५ मालात उभ्या बसवलेल्या विटा, सांधे १:४ मालाने भरून, वर १:४ चा गिलावा. लिक्विड वॉटरप्रूफिंग कंपाउंड बहुतेक कंपन्यांचं सिमेंटच्या पोत्याला २०० मिली असतं. डब्यावरचा आकडा पाहा, जास्त घातल्याने माल जास्त वॉटरप्रूफ होत नाही. कठड्याला लागून गोल वाटा (कोपरा गोलाई देऊन बुजवणारा माल) किमान फूटभर वर चढवा. आणि कोट मारायचाच असेल तर कोबा पूर्ण वाळल्यावर, फेब्रुवारी ते मे. ओल्या कोब्यावर मारलेल्या कोटाला उन्हात फोड येतात, कारण आतली वाफ त्याला खालून ढकलते.

कोब्यावर कोबा अजिबात नको. साडेचार इंची कोबा दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या पुढे भरतो. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी स्लॅब डिझाइन करताना माणसं आणि सामान मिळून धरलेला भार साधारण दीडशे किलो असतो. म्हणजे गवंडी तुमच्या स्लॅबवर कायमची एक जत्रा बसवायला निघाला आहे, आणि तीही ओल्या कोब्याच्या डोक्यावर.

प्रश्न (डोंबिवली): आम्ही सातव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. हॉलच्या एका कोपऱ्यात छताला बाराही महिने ओल असते. सोसायटी म्हणते कठड्यातून पाऊस येतो. प्लंबर म्हणतो टाकी गळते. खर्च कोणाचा यावर मीटिंगमध्ये भांडण चालू आहे.

उत्तर: एप्रिल-मे महिन्यांतही ओल असेल तर पावसाला दोष देता येत नाही. प्लंबरचं म्हणणं तपासणं सोपं आहे आणि फुकट आहे.

रात्री अकरा वाजता टाकीत येणारा आणि टाकीतून जाणारा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा. पातळीची खूण करा, पहाटे पाचला पुन्हा पाहा. पातळी उतरली तर टाकी किंवा तिच्या बुडाचं निपल (पाइप जोडायचा आखूड तुकडा) गळतंय. १,००० लिटरच्या नेहमीच्या गोल टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे जवळपास नऊ लिटर पाणी गेलं. सेकंदाला एक थेंब गळत असेल तरी दिवसाचे चार-पाच लिटर होतात आणि कोपरा ओला ठेवायला तेवढे खूप झाले. पातळी हलली नाही तर दुसऱ्या रात्री जाणारा व्हॉल्व्ह उघडा ठेवा आणि सगळ्या घरांना त्या वेळात नळ न उघडण्याची विनंती करा. आता उतरली तर गच्चीवरून फिरणारी पाइपलाइन पाहायची. ओल रोज पंप चालू झाल्यानंतरच गडद होत असेल तर बॉलकॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगत्या चेंडूचा नळ) नीट बंद होत नाही आणि ओव्हरफ्लो गच्चीवर सांडतो आहे. ओव्हरफ्लोचा पाइप टाकीपासून वीतभर अंतरावर संपवण्याची पद्धत आहे, तो पावसाच्या पाइपापर्यंत न्या.

टाकी जुनी, काँक्रीटची असेल तर तिच्या तळाच्या सांध्याशी पांढरा थर जमलेला दिसेल. तो नखाने खरवडून पाहा. कडक आणि खडूसारखा असेल तर काँक्रीटमधला चुना पाण्याबरोबर बाहेर येतो आहे, म्हणजे गळती बरीच जुनी आहे.

खर्चाचं भांडण टाकीचं असो की कठड्याचं, उत्तर एकच येतं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत (नमुना नियमावलीत) पावसाच्या पाण्याची आणि सामायिक पाइपांची गळती दुरुस्त करणं संस्थेकडे आहे. सभासदाकडे येतं ते त्याच्या स्वतःच्या संडास-बाथरूम-सिंकमधून होणारं. तुमच्या वर कोणाचं बाथरूमच नाही.

प्रश्न (रत्नागिरी): जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, वर स्लॅब. बाहेरच्या भिंतीला स्लॅबच्या लगेच खाली आडवी भेग सगळीकडून फिरली आहे. दरवर्षी सिमेंट भरतो, दरवर्षी उघडते. आत ओल फक्त वाऱ्याचा पाऊस असेल तेव्हा, तीही फक्त नैर्ऋत्येच्या बाजूला.

उत्तर: तुमच्या पत्रातच निदान आहे. सरळ पावसात ओल नाही, वाऱ्याच्या पावसात आहे, आणि एकाच दिशेला आहे. पाणी गच्चीवरून नाही, भिंतीतून येतंय.

भेग पडते ती उन्हाने. काँक्रीट दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०१ मिमी वाढतं. दुपारी तापलेला आणि पहाटे निवलेला स्लॅब यांत ३० अंशांचा फरक धरला, तर ३० फुटांचा स्लॅब पावणेतीन मिलिमीटर लांब-आखूड होतो. खालची चिऱ्यांची भिंत तेवढी हलत नाही. त्यामुळे सगळा ताण त्या एका सांध्यावर येतो आणि तिथे भरलेलं कडक सिमेंट पहिल्या उन्हाळ्यातच फुटतं. तिथे हलू शकणारा पदार्थ हवा. भेग १०-१२ मिमी रुंद आणि दोरी व सीलंट दोन्ही मावतील इतकी खोल खरवडा, धूळ ब्रशने काढा, आत फोमची दोरी दाबा आणि वर पॉलियुरेथेन सीलंट भरा. दोरी टाळू नका. तिच्यामुळे सीलंट फक्त वरच्या आणि खालच्या कडेला चिकटतं आणि ताणता येतं. तळालाही चिकटलं तर फाटतं.

खात्री करायची असेल तर कोरड्या दिवसांत होजने पाहा. भिंतीच्या खालच्या पट्ट्यावर १५-२० मिनिटं पाणी मारा, आत बघा, मग हातभर वर, असं करत भेगेपर्यंत आणि शेवटी कठड्यापर्यंत जा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या भिंतीवरून ओघळतं आणि काहीच सिद्ध होत नाही.

कठड्याचा माथाही पाहून घ्या. माथ्यावर नुसता गिलावा असेल तर त्याला तडे गेलेले असतात आणि चिरा वरून पाणी पितो. माथ्यावर घोटीव कोपिंग (कठड्याच्या माथ्यावरचं झाकण) करा, ढाळ गच्चीच्या बाजूला द्या आणि बाहेरच्या कडेला खालून एक खाच ठेवा म्हणजे पाणी भिंतीवर न परतता तिथूनच टपकेल. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ताशी १०० मिमीच्या सरीला चार इंची एक पाइप ४० चौरस मीटरच्या आसपास गच्ची रिकामी करू शकतो, तोही जाळीत पानं अडकलेली नसतील तर. तुमच्या गच्चीला पाइप किती आहेत ते त्या हिशेबाने मोजा.

गच्चीवर पत्र्याचं छप्पर टाकावं का, असंही तुम्ही विचारलं आहे. कोकणात सपाट गच्ची हीच मुळात हौस आहे असं आमचं मत आहे, त्यामुळे छपराला आमचा विरोध नाही. परवानगी मात्र आधी घ्या. पण छपराची पागोळी भिंतीच्या दोन-तीन फूट बाहेर पडली नाही, तर वाऱ्याचा पाऊस याच भेगेत येत राहील. आधी सांधा, मग पत्रे.

प्रश्न (अकोला): मार्चमध्ये सोलर पॅनल बसवले. जूनपासून छताला चार जागी गोल डाग आले आहेत.

उत्तर: डाग स्टँडच्या पायांखाली आहेत का ते टेप लावून पाहा. बाहेरच्या दोन भिंतींपासूनचं अंतर खाली आणि वर मोजायचं, भिंतीची जाडी आणि कठड्याची जाडी धरून. जुळलं तर अँकर बोल्ट कोबा भेदून स्लॅबमध्ये गेले आहेत. बोल्टाभोवती वरून सिलिकॉन फासणं एखादा पावसाळा टिकतं, कारण वाऱ्याने स्टँड हलतो आणि कड सुटते. पाया सोडवून, भोक इपॉक्सी ग्राउटने भरून, कोब्यावर नुसत्या ठेवलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्टँड बसवून मागा. ठोकळ्याचं वजन पॅनलवर येणाऱ्या वाऱ्याच्या उचलीवरून ठरतं. हा हिशेब बसवणाऱ्या एजन्सीने कागदावर द्यायचा असतो. अंदाजाने टाकलेले ठोकळे वादळात पॅनलसकट सरकतात.

प्रश्न (लोणावळा): घर महिन्यातून एक-दोनदा उघडतो. जुलै-ऑगस्टमध्ये गेलो की दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या आणि शेजारच्या खोलीच्या अख्ख्या छतावर बारीक थेंब दिसतात. कोपऱ्यांत काळी बुरशी आहे. गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेल्या वर्षीच केलं.

उत्तर: वॉटरप्रूफिंगवाल्याला दोष देण्याआधी एक सोपी चाचणी करा. छताचा दीड फूट बाय दीड फुटाचा तुकडा पुसून कोरडा करा, त्यावर जाड पारदर्शक प्लास्टिक चारी कडांनी टेपने हवाबंद चिकटवा आणि २४ तास ठेवा. थेंब प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला आले तर ते खोलीतल्या हवेतलं दव आहे. छताकडच्या बाजूला आले तर स्लॅबमधून येणारं पाणी आहे. दोन्हीकडे आले तर दोन्ही आहे, तसंही होतं.

तुमच्या वर्णनावरून दव असण्याची शक्यता जास्त. गळतीचा डाग एका जागी असतो, त्याला तपकिरी कड येते. दव छतभर सारखं असतं आणि त्याची खूण म्हणजे काळ्या ठिपक्यांची बुरशी. २५ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा २३ अंशांच्या पृष्ठभागाला टेकली की दव पडतं. पावसाने रात्रभर निवलेला स्लॅब तेवढा थंड सहज असतो. त्यात तुम्ही गेल्यावर स्वयंपाक, आंघोळी आणि ओले कपडे. एक किलो एलपीजी जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत जातं, डाळ-भाताची वाफ वेगळी. स्वयंपाक करताना एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा, बाथरूमचं दार लावून तिथलाही. भर पावसात खिडक्या उघडून घर सुकत नाही, बाहेरची हवाच भिजलेली असते. बुरशी आधी ब्लीचच्या पाण्याने पुसून, सुकवून मगच बुरशीरोधक रंग द्या. बुरशीवर दिलेला रंग तिच्यासकट सुटतो.

प्रश्न (ठाणे): इमारत ३४ वर्षांची. बेडरूमच्या छताचा पोपडा परातीएवढा पडला, आत गंजलेल्या सळया दिसतात. कंत्राटदार म्हणतो, वर गच्चीला कोट मारू आणि खाली पीओपीचं फॉल्स सीलिंग करून घ्या, दिसणार नाही.

उत्तर: "दिसणार नाही" हाच त्यातला धोका आहे. फॉल्स सीलिंग अजिबात करू नका. पलंग त्या जागेखालून आजच हलवा.

लोखंड गंजलं की मूळ आकाराच्या दोन ते सहा पट जागा घेतं आणि खालचं काँक्रीट फोडून बाहेर ढकलतं. पडलं त्याच्या आजूबाजूला आणखी किती सुटलं आहे ते कळायला काठीला बांधलेल्या लाकडी मुठीने छत ठोकत जा आणि पोकळ आवाज येईल तिथे खडूने रेघ मारा. ठोकणाऱ्याने हेल्मेट घालून बाजूला उभं राहायचं.

गंज चढण्याची कारणं दोन आणि त्यांची दुरुस्ती वेगळी. एक म्हणजे गच्चीची गळती. दुसरं, जे ओलीशिवायही होतं, ते म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू काँक्रीटमध्ये मुरणं. नव्या काँक्रीटचा सामू (पीएच) साडेबाराच्या आसपास असतो आणि त्यात सळई गंजत नाही. तो नऊच्या खाली आला की ते संरक्षण जातं. नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण फवारलं की शाबूत भाग गडद गुलाबी होतो, गेलेला भाग तसाच राहतो. रंगहीन पट्टा सळईच्याही पलीकडे पोचला असेल, तर गच्ची कितीही कोरडी केली तरी पावसाळ्यातली आर्द्रता त्या सळया गंजवत राहील. हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचं आहे, गच्चीवाल्याचं नाही. सळयांची जाडी किती उरली हे मोजून नव्या सळया जोडायच्या का ते तोच ठरवेल, आणि तोपर्यंत टेकू कुठे द्यायचे तेही.

काम करताना क्रम चुकवू नका, आधी गच्ची, मग छत. छताचं काम म्हणजे सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागे पाऊण-एक इंच मोकळं होईपर्यंत काढायचं, सळई चकचकीत होईपर्यंत घासायची, गंजरोधक लावायचं, मग बाँड कोट (जुन्याला नवं चिकटवणारा थर) आणि तो ओलसर असतानाच पॉलिमरचा माल. त्याचं नेहमीचं वजनी प्रमाण १ किलो पॉलिमर, ५ किलो सिमेंट, १५ किलो क्वार्ट्झ वाळू. एका थरात १०-१२ मिमीपेक्षा जास्त चढवला तर स्वतःच्या वजनाने सुटतो. साधा गिलावा मारून बुजवलेला पोपडा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पुन्हा पडतो, या वेळी जास्त मोठा.

सोसायटीला आणखी एक विचारा. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. शेवटचा अहवाल कोणत्या तारखेचा आहे?

प्रश्न (लातूर): वडिलोपार्जित घराला लोखंडी गर्डर, त्यावर शहाबादी फरशी, वर मुरूम आणि कोबा असं छत आहे. गळती गर्डरच्या रेषेत होते. पाणी साठवून बघू का?

उत्तर: नको. दोन इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला आणखी ५० किलो, आणि आत मुरूम भिजलेला असेल तर वजन आधीच वाढलेलं आहे. ओली गोणपाटं एका वेळी तीन-चार फुटांच्या पट्ट्यात अंथरून, दिवसभर भिजत ठेवून खालून पाहा. गर्डरच्या रेषेतली गळती बहुधा लोखंड आणि फरशी वेगवेगळ्या प्रमाणात तापून कोब्याला त्याच रेषेत तडा गेल्याची असते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गर्डरचा फरशीखालचा पंख, म्हणजे आडवी पट्टी, तपासा. पटाशीने खरवडल्यावर गंजाचे पापुद्रे थराथराने निघाले, किंवा फरशी गर्डरवरून किंचित उचललेली दिसली, तर गळतीचा विषय बाजूला ठेवून आधी खालून आधार द्या.

प्रश्न (पनवेल): ताबा मिळून तीनच वर्षं झाली, वरच्या मजल्याच्या छताला ओल आहे. बिल्डर म्हणतो, एक वर्षाची गॅरंटी होती, ती संपली.

उत्तर: गॅरंटी बिल्डरने ठरवायची नसते. प्रकल्प रेरात (स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे) नोंदलेला असेल तर २०१६ च्या कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्याच्या तारखेपासून पाच वर्षांत कळवलेला बांधकामाचा दोष बिल्डरने ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. लेखी कळवा आणि पोच ठेवा. पत्रासोबत तारखांसह फोटो, पेन्सिलीच्या खुणा आणि कोणत्या पावसानंतर किती तासांनी ओल दिसली याची नोंद जोडा. आणि स्वतः गच्चीवर कोट मारून घेऊ नका. तुम्ही हात लावलात की दोष मूळचा की तुमच्या कामाचा, हा नवा वाद सुरू होतो.